डाव्या पायाला सुट्टी

मित्रांनो, गॅरेजच्या मागच्या भिंतीला टेकून उभी असलेली आणि बॉनेटवर पक्ष्यांनी मनसोक्त नक्षी काढलेली एक छोटी गाडी तुम्हाला दिसली असेल, तर ती मीच. मी दमले आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शर्यतींच्या आणि पराक्रमांच्या गोष्टींची वाट पाहत तुम्ही उगाच ताटकळणार नाही. माझी गोष्ट एका बुटाची, एका दुखऱ्या गुडघ्याची आणि वेळेवर न बदललेल्या तेलाची आहे.

इतर गाड्यांना गिअर असतात. चालवणारा डाव्या पायाने क्लच दाबतो, हाताने गिअर बदलतो आणि गाडी पायऱ्या चढल्यासारखी एकेक टप्पा घेत वेग धरते. माझ्या पोटात पायऱ्याच नाहीत. दोन कप्प्या आहेत आणि त्यांच्यावरून फिरणारा एक पोलादी पट्टा. कप्प्या लागेल तशा रुंद-अरुंद होतात, पट्टा वरखाली सरकतो आणि वेग वाढतो. धक्का नाही, हिसका नाही, क्लचही नाही. कारखान्यात मला पहिल्यांदा चालवून पाहणारा फोरमन म्हणाला होता, ‘‘हिला चालवायला अक्कल कमी असली तरी चालेल, धीर मात्र पाहिजे.’’ पुढे मला अक्कलवाले पुष्कळ भेटले.

माझी नेमणूक शोरूममध्ये झाली, तीही टेस्ट ड्राइव्हसाठी. म्हणजे सगळ्यांची आणि कुणाचीच नाही. माणूस यायचा, सीट पुढे-मागे करायचा, आरसे फिरवायचा, एक चक्कर मारायचा आणि मत देऊन मोकळा व्हायचा. लग्न ठरलेल्या एका जोडप्यातली मुलगी म्हणाली, ‘‘किती शांत आहे गं बाई!’’ तिच्या होणाऱ्या नवऱ्याने अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला आणि तोंड वाकडं केलं. ‘‘इंजिन बोंबलतंय नुसतं, गाडी कुठे हलतेय?’’ गाड्यांवर लिहिणारा एक लेखक आला. त्याने मला चढावर नेलं, वळणावर नेलं, खड्ड्यांतून नेलं आणि लिहिलं की गर्दीत ही गाडी सुखाची, पण चालवण्यात मजा नाही. मजा नाही! दिवसभर लोकांचे हिसके सोसून मलाच कोणती मजा येत होती?

शेजारी बसणारी शोरूममधली ताई प्रत्येकाला तेच सांगायची. ‘‘सर, हळू दाबा आणि जरा थांबा. आवाज आधी येतो, वेग मागून येतो.’’ मग, ‘‘आणि डावा पाय आत घ्या हं, त्याला काम नाही.’’ लोक मान डोलवायचे. पण गिअरवर वाढलेल्या पायाला हे कुठलं कळायला? सिग्नल आला की डावा पाय क्लच शोधत खाली यायचा. क्लच नाहीच, माझा रुंद ब्रेक मात्र आयता सापडायचा. खाडकन मी जागेवर. ताईचं कपाळ पुढे, मागून येणाऱ्याच्या शिव्या. हे रोजचं. संध्याकाळी पुसून उभी केली की वाटायचं, उद्या कुणी येऊच नये.

अशात एके दिवशी मामा आले. बसच्या डेपोत सारे त्यांना मामा म्हणत आणि निवृत्तीनंतरही तेच नाव टिकलं. आयुष्यभर बस चालवली, एकही अपघात नाही. पण क्लच दाबदाबून डावा गुडघा पार झिजला होता. सोबत मामी आणि नर्सचं काम करणारी त्यांची लेक. मामींच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार होता. दर महिन्याला टेकडीवरच्या रुग्णालयात डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागायचं. एक जरी चुकलं, तरी उरलेली नजर जाण्याची भीती. लेकीच्या कामाच्या पाळ्या कधी दिवसा, कधी रात्री. ती दरवेळी कशी नेणार?

‘‘बाबा, गिअरची गाडी आता विसरा. डॉक्टर काय म्हणाले?’’

‘‘डॉक्टर काय, उद्या श्वासही घेऊ नका म्हणतील,’’ मामा पुटपुटले आणि माझ्यात बसले.

स्टिअरिंगवर हात पडले तेव्हाच मला कळलं, हे हात जाणते आहेत. गल्लीतून त्यांनी मला अशी नेली की ताईला बोलावंच लागलं नाही. तेवढ्यात समोर एक सायकलवाला आडवा आला. मामांचा डावा पाय जन्माच्या सवयीने खाली आला आणि मी खाडकन थांबले. मागे मामींचा चष्मा नाकावरून उडून खाली पडला.

मामांचा चेहरा उतरला. मग हळूच म्हणाले, ‘‘मी आवाजावर गाडी चालवणारा माणूस. हिचा आवाज एकसुरी, काही सांगतच नाही. जमायचं नाही मला.’’

मामींनी चाचपडत चष्मा शोधला आणि नाकावर चढवला. ‘‘अहो, डावा बूट काढा.’’

‘‘काय?’’

‘‘बूट काढा नि इकडे द्या. पायात बूट नसला की त्याला बरोबर कळेल, आज सुट्टी आहे म्हणून.’’

ताई हसली, लेक हसली. मामांनी मात्र निमूट बूट काढून दिला. आणि काय सांगू मित्रांनो, परतीच्या रस्त्यावर तो पाय एकदाही जागचा हलला नाही! शोरूमच्या दारात मामा म्हणाले, ‘‘नवी नको. हीच द्या. हिची नि माझ्या पायाची ओळख झालीये.’’

आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाची तरी झाले.

नंतरची वर्षं माझी सुखाची. सकाळी मामा बसायचे, डावा बूट काढायचे, शेजारी बसलेल्या मामी तो घेऊन पायाशी ठेवायच्या आणि आम्ही टेकडीकडे निघायचो. मामा पाय अलगद दाबायचे आणि माझी वाट बघायचे. कुणी आपली वाट बघावी, याचं सुख मला तेव्हा समजलं. रुग्णालयातून उतरताना मामी एका डोळ्यावर पट्टी बांधून बसलेल्या असत. मामा वळण आलं की सांगत, ‘‘अगं, आता डावीकडे झुकशील हं.’’

मामांनी माझं इंजिन ऑइल कधी चुकवलं नाही. टायरची हवा, बॅटरीचं पाणी, सगळं वेळच्या वेळी. पण माझ्या कप्प्या नि पट्टा ज्या तेलात फिरतात, त्याचं नाव कुणी काढलं नाही. एकदा गॅरेजवाल्याने विचारलं, तर मामा हसून म्हणाले, ‘‘हिला गिअरच नाहीत, मग गिअरचं तेल कशाला?’’ बसचं तेल रोज बोटावर घेऊन बघणारा माणूस, पण इथे चुकला. गॅरेजवालाही घाईत होता, त्याने विषय सोडला.

तेल काळं पडत गेलं. मी आधी बारीक गुणगुणू लागले. मग निघताना थरथरू लागले. याहून मोठ्याने मला बोलता येत नाही. मामांना ऐकू येत होतं, हे मी शपथेवर सांगते. त्यांची मान किंचित कलायची. पण हिचा आवाज काही सांगत नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. मामी एकदा म्हणाल्याही, ‘‘ही आज कण्हतेय का हो?’’

‘‘ही अशीच आहे,’’ मामा म्हणाले.

आणि इंजेक्शनच्याच दिवशी, टेकडीच्या शेवटच्या चढावर, पट्टा घसरला. इंजिन जोरात ओरडू लागलं आणि मी जागची हलेना. शोरूममध्ये लोक उगाच म्हणायचे, ते त्या दिवशी खरं झालं. मामांनी हँडब्रेक ओढला. पुन्हा चालू केली, पुन्हा तेच. मला माझीच लाज वाटली. रस्ता सुनसान, लेक ड्यूटीवर, डॉक्टरांची वेळ संपत आलेली, आणि वर रुग्णालयाचं फाटक दिसत होतं.

मामांनी हात पुढे केला. ‘‘बूट दे.’’

मामींनी पायाशी चाचपडून बूट दिला. ‘‘अहो, गुडघा?’’

‘‘गुडघ्याचं मी बघतो. तू फक्त माझा हात सोडू नकोस.’’

मामींना नीट दिसत नव्हतं, मामांना चालणं जमत नव्हतं. दोघं एकमेकांना धरून चढ चढू लागले. मामा दर थोड्या अंतरावर थांबत आणि माझ्याकडे वळून बघत. मला हॉर्नसुद्धा वाजवता येत नव्हता. फाटकापाशी कुणीतरी खुर्ची घेऊन धावत आलं, एवढं दिसलं. इंजेक्शन मिळालं. पण त्या चढाने मामांचा गुडघा जो सुजला, त्याची सूज आजवर पुरती उतरलेली नाही.

मला इथे ओढून आणलं. गॅरेजवाल्याने खालचा बोल्ट सोडला आणि डांबरासारखं तेल बाहेर आलं, लोखंडाच्या कणांनी चमचमणारं. मामांनी सवयीने त्यात बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं आणि एका टायरवर खाली बसले.

‘‘सांगत होती रे ती,’’ ते म्हणाले. ‘‘मीच ऐकलं नाही.’’

मित्रांनो, माझा मामांवर राग नाही. एवढंच मागते, की तुमच्या घरात जे कुणी न कुरकुरता काम करत असेल, मग ते यंत्र असो की माणूस, त्याला काही लागतच नाही असं धरून चालू नका. त्याचा आवाज बारीक असेल. जरा वाकून ऐका.

अपघातात सापडलेल्या माझ्यासारख्याच एखाद्या गाडीचा कप्प्या-पट्ट्याचा बॉक्स मिळाला तर मला बसवू, असं गॅरेजवाला म्हणतो. मिळेल तेव्हा मिळेल. काल त्याचीच चौकशी करायला मामा-मामी आले होते. पुढच्या इंजेक्शनची तारीख जवळ आली आहे. बॉक्स अजून मिळाला नाही, असं कळल्यावर मामा गुपचूप माझ्याजवळ आले, दार उघडून सीटवर बसले आणि सवयीने त्यांनी डावा बूट काढून शेजारी धरला. शेजारी कुणी नव्हतं. मामी बाहेर, मामांच्या बाजूच्या उघड्या दारापाशी उभ्या होत्या. त्यांना माझा रंग तरी दिसत होता की नाही, कोण जाणे. पण त्यांनी हात आत घातला आणि बूट बरोबर पकडला. मग खाली बसून तो मामांच्या पायात चढवला, नाडी बांधली.

‘‘चला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बस चुकेल.’’

दोघं स्टॉपकडे निघाले. मी त्यांची पावलं लांबपर्यंत ऐकत राहिले. मामांचं डावं पाऊल जरा उशिरा पडत होतं, आणि मामी दरवेळी त्याच्यासाठी थांबत होत्या.