प्रोजेस्टेरॉनचे तीन तास

शुक्रवारी सकाळी मयूराताईने पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीहून फोन केला आणि बोलता बोलता सांगितलं की गेले तीन दिवस ती पहाटे पाचला उठतेय. तिचा नवरा हृषिकेशही खाणीवर शिफ्ट नसताना उठून तिला चहा करून देतो. मी मेलबर्नच्या लॅबमध्ये हातमोजे चढवत होते. एक घातला, दुसरा हातातच राहिला.

पाचला कशाला, मी विचारलं. प्रोजेस्टेरॉनचा डोस पाचला असतो, आपल्या दोघींच्या मोबाइल कॅलेंडरमध्ये तूच तर टाकलंस, ती म्हणाली.

मी आठ टाकले होते. पण मेलबर्नचे आठ. ऑक्टोबरात आमची घड्याळं तासभर पुढे जातात, तिकडची जात नाहीत, आणि मोबाइलने इमानदारीने माझे आठ तिला पाच करून दाखवले. क्लिनिकने दिलेल्या कागदावर आठच होते. तो तिच्या फ्रिजवर लावलेला होता. तिला वाटलं, बहीण यातच संशोधन करते, काहीतरी विचार करूनच पाच केले असतील.

सोमवारी पर्थला तिचा गोठवलेला गर्भ गर्भाशयात सोडायचा होता. आधीचे दोन रुजले नव्हते. हा शेवटचा.

माझं काम गर्भाशयाच्या अस्तरावर आहे. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक मिळालं की वरच्या थरातल्या पेशी खालच्या थराला रसायनांतून निरोप धाडतात. खालच्या पेशी हळूहळू फुगतात, रूप बदलतात, आणि पाचेक दिवसांनी गर्भ रुजू शकेल असा थोडा काळ येतो. मग तो निघून जातो. ही मोजणी पहिल्या डोसापासून सुरू होते, आणि मी ती तीन तास आधी सुरू करून बसले होते.

एकशे वीस तासांतले तीन, म्हणजे अडीच टक्के. दुसऱ्या कोणाची बहीण असती तर मी निश्चिंत असते. तिला कशाला घाबरवा, असंही मनात आलं. पण क्लिनिकला कळायला हवं होतं.

"ताई, चूक माझी आहे," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं.

मग ती म्हणाली, "सहा वर्षं युनिव्हर्सिटी केलीस, आणि पर्थ कुठल्या बाजूला आहे ते माहीत नाही?" ती हसत होती. मागून हृषिकेशने विचारलं, "म्हणजे मी पाचचा चहा उगाच केला?"

क्लिनिक उघडल्यावर तिने फोन केला. नर्स म्हणाली, नो वरीज, एवढ्या फरकाने काही बिघडत नाही, हीच वेळ पाळा. पण सोमवारी अकराऐवजी आठची जागा रिकामी आहे, हवी का? ताईने लगेच हो म्हटलं. मात्र सोमवारी सकाळच्या विमानाने आठ गाठणं शक्य नव्हतं, आणि रविवारची विमानं भरलेली. मग रविवारी दोघं गाडीनेच निघाली. सहा-सात तासांत ताईने मला एकवीस फोटो पाठवले, त्यातले चौदा चिप्सचे.

सोमवारी आठला गर्भ सोडला. त्यानंतरच्या दहा दिवसांत मी लॅबमध्ये काचेच्या तीन स्लाइड्स फोडल्या.

अकराव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत फोन आला. ताईच्या हातात रक्ताचा रिपोर्ट होता.

"दोनशे चौदा," ताई म्हणाली.

हा रक्तातल्या एचसीजीचा आकडा, आणि ते संप्रेरक रुजणारा गर्भच बनवतो. तो रुजला होता, आणि अस्तराला आपला निरोप पाठवू लागला होता. हे सगळं मला समजावून सांगायचं होतं. तोंडातून फक्त "ताई" एवढंच निघालं.

हृषिकेश अभियंता. त्याने फोन हातात घेतला आणि रडक्या आवाजात विचारलं, "दोनशे चौदा काय? युनिट सांग ना."