खांद्याचा पेला

मंगळवारी दुपारी सव्वाबारा वाजता प्लासिड विहिरीत पडला आणि दोरीला बांधून जिवंत बाहेर काढला गेला. शेवट आधीच सांगून टाकला, म्हणजे कोणाच्या जिवाला घोर नको.

आता हे विसरा. कारण असं काही घडलंच नाही. साडेबारा वाजता आळीतल्या सात कर्त्या माणसांनी विहिरीच्या काठावर उभ्याउभ्या ठरवलं, की कोणी पडलेलं नाही. पडली ती बादली. बादलीची उंची पाच फूट सात इंच होती, ती कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला शिकत होती आणि बाहेर काढल्यावर तीनदा ओकली. एवढं सोडलं तर ती सर्वसाधारण बादली होती.

ठरवणाऱ्यांचीही बाजू होती. दुसऱ्या दिवशी रिटाचं लग्न. मांडवाच्या दिवशी या घरची पोरं पिऊन विहिरीत पडतात, हे नवरदेवाकडे कळलं असतं तर चर्चमधल्या मिस्साआधीच वऱ्हाड परत फिरलं असतं. शिवाय फादरांनी विचारलं असतं, की सतरा वर्षांच्या पोराला दारू दिली कोणी? याचं उत्तर सातही जणांना ठाऊक होतं. दिली सॅन्टनने. सॅन्टन म्हणजे रिटाचा काका, आणि प्लासिडचा सख्खा बाप.

आगाशीच्या वाटेवरच्या केळीच्या वाड्यांमधली ही आळी. साल १९८२, फेब्रुवारी, ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ सुरू व्हायच्या आधीची लग्नघाई. आळीत चर्चला जाणारी घरं होती, देवळात जाणारी होती, आणि दोघांची एक रीत मात्र एकच होती : खांद्याचा पेला. लग्नघरी मांडव घालायचा तर पोफळीच्या मेढी वाहून आणाव्या लागतात, खड्ड्यात उभ्या कराव्या लागतात, वर झावळ्या चढवाव्या लागतात. ज्याने मेढीला खांदा लावला, त्याला गुळाच्या घरगुती दारूचा एक पेला. ती कायद्याने बंद होती आणि रीतीने चालू होती. पेला वयाला नव्हता, खांद्याला होता. मेढ उचलली की तू पुरुष! मग तुला मिशी असो वा गणिताचा पेपर असो.

पेला भरायचा मान बावीस वर्षं सॅन्टनकडे. कारण आळीत न पिणारा तो एकटाच. खोकल्याच्या औषधाचं बूच उघडलं तरी त्याला घेरी येई. पण हात असा, की बाटली वाकवली की पेला काठोकाठ आणि खाली थेंब नाही. लोक म्हणायचे, "सॅन्टनचा हात म्हणजे देवाची देणगी." देवाला यात ओढायचं कारण नव्हतं, पण सॅन्टनला ते ऐकायला बरं वाटे.

तर बादली घरी खाटेवर पडून होती. दोन दिवस ताप, छातीत घरघर. लग्न पार पडलं होतं, वऱ्हाड समाधानाने गेलं होतं, आणि सॅन्टनची बायको मटिल्डा नवऱ्याशी एक अक्षर बोलत नव्हती. गुरुवारी सकाळी जुलियाना मावशी काठी टेकत आली. आळीतल्या तीन पिढ्या तिच्या हातावर जन्मल्या. सुईणपण सोडून सहा वर्षं झाली होती, पण कोण कधी, कसा आणि कुठल्या बाजूने बाहेर आला, हे तिला तोंडपाठ होतं. त्यामुळे मोठमोठी माणसं तिच्यासमोर आवाज चढवत नसत.

"कोण पडलं म्हणे विहिरीत?" तिने विचारलं.

"बादली, मावशी," सॅन्टन म्हणाला.

"असं होय. मग बादलीला ताप किती आहे?"

"एकशे दोन."

मावशीने प्लासिडच्या कपाळावर हात ठेवला, मग खाली बसली. "याला सतरा वर्षं आणि चार महिने झाले. मीच याला पाय धरून उलटा केला होता, रडावा म्हणून. रडला तेव्हा तू ओसरीवर घाबरून माझं काढ्याचं भांडं सांडलंस. एवढा काळजीवाला बाप तू! आणि त्याच हाताने पाजलीस?"

"मी पाजली नाही गो मावशी. रीत आहे ती. त्याने मेढीला खांदा लावला."

"मेढ तर शेजारच्या दिवाकरच्या बैलानेही ओढली. त्याला किती पेले दिलेस?"

सॅन्टनने बैलाचा विचार केला. रीतीत बैलाविषयी काहीच नव्हतं.

"एका पेल्याने काय होतं?" तो पुटपुटला.

"एका पेल्याने काही होत नाही, ते खरं. सेबॅस्टियनला पहिला पेला कोणी दिला होता?"

पेला सॅन्टननेच दिला होता. सेबॅस्टियन त्याचा मावसभाऊ. तेरा वर्षांपूर्वी, वय सोळा, हातभर छातीचा पोरगा. एका दमात पेला रिकामा केला म्हणून अख्ख्या मांडवाने टाळ्या वाजवल्या होत्या. आता तो एकोणतिसाचा होता. वालीवच्या कारखान्यात मशिनवर हात थरथरायला लागला म्हणून फोरमनने घरी पाठवला. आता सकाळी घरच्या ओट्यावर बसतो आणि चहाची बशी दोन्ही हातांनी धरतो.

"त्यात माझा काय दोष? तो पुढे वाया गेला."

"तू एक पेला दिलास, ते मी विसरेन," मावशी म्हणाली. "पण टाळ्या कशाला वाजवल्यात? सोळा वर्षांच्या पोराने परीक्षा दिली, केळीला पाणी लावलं, आजीला दवाखान्यात नेलं, तर कोणी टाळी वाजवत नाही. पेला तोंडाला लावला की अख्खा गाव उभा! मग पोराने काय शिकावं रे? मोठं व्हायचं दार तिथेच आहे, असंच ना? त्याच दारातून तो पुन्हा पुन्हा जाणार. पोरांच्या अंगाला ही चटक मोठ्यांपेक्षा लवकर लागते. मी एवढी कुटुंबं आतून पाहिलीत, मला विचार."

"सगळीच पोरं काही वाया जात नाहीत."

"नाही जात. कोणतं जाणार ते तुला आधी कळतं का? मग कुठल्या हिशेबाने भरतोस?"

सॅन्टनने आपल्या हाताकडे पाहिलं. देवाची देणगी मांडीवर गपगार पडली होती.

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. बादली दोन दिवसांनी पहिल्यांदा बोलत होती.

"बाबा, मला चव नाही आवडली. घसा जळला."

"मग तीन का घेतलेस रे?" मटिल्डाने विचारलं.

"एक बाबांनी दिला. दोन मीच मागितले." प्लासिडला धाप लागली. "पहिला घेतला तेव्हा बाबा हसले. सगळ्यांना म्हणाले, माझा मुलगा बघा. बारावी पास झालो तेव्हा नुसतं बरं म्हणाले होते."

बाहेर केळीच्या वाडीत पाण्याचं इंजिन फटफटत होतं. सॅन्टन उठला, खाटेजवळ गेला आणि काय करायचं ते न सुचून त्याने मुलाची चादर तीन वेळा नीट केली. चादर आधीपासून नीटच होती.

"मावशी," तो शेवटी म्हणाला, "पुढच्या बुधवारी दिवाकरकडे मांडव आहे. त्याच्या बहिणीचं लग्न. आठ-दहा पोरं येतील खांदा लावायला. मी भरायला नाही बसणार."

"तू नाही बसलास तर आलोशियस बसेल, आणि तो निम्मी स्वतःच पिईल. तू बस. मी येते."

बुधवारी मांडव उभा राहिला. सॅन्टन टेबलापाशी बसला आणि शेजारी खुर्ची टाकून, लाल लुगड्यात, जुलियाना मावशी. रांग लागली. पहिला दिवाकरचा पुतण्या शंकर, छाती काढून.

"शंकर," मावशी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तू गौरी आल्या त्या दिवशी झालास. नाळ गळ्यात अडकली होती, निळा पडला होतास. तुझं दूध सुटलं चौथ्या वर्षी. आता कुठे सोळाचा आहेस. शहाळं घे."

अख्खा मांडव खो खो हसला. शंकर शहाळं घेऊन केळीमागे गेला आणि बराच वेळ आला नाही. त्याच्यामागच्या दोन पोरांनी आपल्या जन्माची हकीकत ऐकण्यापेक्षा आपणहून शहाळं उचललं. चौथा एकोणीस वर्षांचा, कॉलेजात जाणारा, म्हणाला, "मी मोठा आहे, मावशी."

"मोठा आहेस तर एवढी घाई का? कायदासुद्धा तुला अजून नाही म्हणतो. हो म्हणेल त्या दिवशीही नाही म्हणता येतं. नाही म्हणायला तुझा बाबा कधी शिकला नाही, विचार त्याला."

मग आलोशियस आला. वय पन्नासच्या घरात, डोक्याला टक्कल. मावशीने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तू अर्नाळ्याला आजोळी जन्मलास. माझ्या हातचा नाहीस. तुझं वय मला माहीत नाही. दाखला आण."

"मावशी, मला नातू आहे!"

"त्याचाही आण."

आलोशियस खरोखरच घरी गेला आणि अर्ध्या तासाने बाप्तिस्म्याचा दाखला घेऊन आला. दाखल्यावर त्याचं वय त्रेपन्न निघालं. तो इतकी वर्षं सगळ्यांना अठ्ठेचाळीस सांगत होता. त्याची बायको ॲनी मांडवातच होती. त्याने पेला न घेताच दाखला घडी घालून खिशात ठेवला.

पण सगळ्यांनाच हसू आलं नाही. रांगेतून बॅप्टिस्ट म्हणाला, "हसणं पुरे. आजोबांच्या काळापासूनची रीत आहे. पोरांचा अपमान का करता? सॅन्टन, भर पेला! झालंय काय असं?"

झालंय काय! सात कर्त्या माणसांनी एकदम जमिनीकडे पाहिलं. बॅप्टिस्ट त्या सातांतलाच एक होता.

सॅन्टन उभा राहिला. रिटाचं लग्न झालं होतं, आता वऱ्हाड परत फिरायचं नव्हतं. पण अब्रू होती, फादर होते, बावीस वर्षांचा मान होता. त्याने बाटली बुचाने बंद केली.

"बादली नव्हती पडली," तो म्हणाला. "माझा मुलगा पडला होता. मी पाजली होती. दोरी बॅप्टिस्टने ओढली, त्याचे हात सोलले आहेत, बघा. ओढताना तो रडत होता. तेव्हा त्याला रीत आठवली नाही!"

बॅप्टिस्टने हात मागे लपवले.

"पोरांचा अपमान नको, खरं आहे," सॅन्टन पुढे म्हणाला. "या पोरांनी आज उन्हात सोळा मेढी खांद्यावरून आणून उभ्या केल्या. आपण त्यांच्याकडे पाहिलं नाही. आपण पेल्याची वाट बघत होतो. टाळ्या वाजवायच्या तर खांद्याला वाजवा ना! आत्ता वाजवा!"

मग मटिल्डाने टाळी वाजवली. एकटीनेच. मग ॲनीने, दिवाकरने, आणि सोललेल्या हातांनी, हळूहळू, बॅप्टिस्टने. केळीमागून शंकर डोकावला. आपल्यासाठी टाळ्या वाजताहेत हे त्याला बराच वेळ पटेना. पटलं तेव्हा तो उगाचच एक उभी मेढ पुन्हा घट्ट करायला लागला.

वाचकहो, मुलांना दारूकडे दरवेळी कोणी वाईट माणूसच नेतो असं नाही. पुष्कळदा आपणच नेतो, लाडाने, कौतुकाने, हसतहसत, रीत म्हणून. मुलाला मोठं झाल्यासारखं वाटायला हवं, ते वाटायला दुसरं काही द्या. आणि एखादं पोर पडलंच, तर बादली पडली म्हणू नका. लपवलेल्या विहिरीत दुसरं पोर पडतं.

सॅन्टनने उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी एक अर्ज लिहून ठाण्याच्या टपालात टाकला. त्याचा मजकूर असा :

"मेहेरबान अधीक्षक साहेब, दारूबंदी खाते यांचे सेवेशी. अर्जदार सॅन्टन, धंदा बागाईत, सविनय अर्ज करतो की, अर्जदाराने सन १९६० ते १९८२ या मुदतीत अठरा वर्षांखालील एकूण अकरा मुलांना पहिला पेला स्वहस्ते भरून दिला. नावांची यादी सोबत जोडली आहे. सालाचा क्रम मोडून पहिले नाव सेबॅस्टियन, शेवटचे अर्जदाराचा मुलगा. तरी सदर अकरा पेले अर्जदारास परत घेण्याची परवानगी मिळावी. पेले रिकामे असले तरी अर्जदाराची हरकत नाही. मुले मात्र होती त्या स्थितीत परत मिळावीत, ही विनंती."