पाचाचे तीन

"पाच वेळांच्या वर एकदा जरी उचललंत, मावशी, तर मी दांड्याच्या प्लेट्स काढून घेईन," मास्तर म्हणाले.

"आणि एकदाच उचलून थांबले तर?"

"तरीही काढून घेईन."

आई हसली. एकतीस वर्षं इस्पितळात आया होती ती. तिथं सगळे तिला मावशी म्हणत, इथंही म्हणतात. व्यायामशाळेत मी तिच्यासोबत आज पहिल्यांदाच आले होते. बासष्टाव्या वर्षी ती डेडलिफ्ट करते, जमिनीवरचा वजनाचा दांडा उचलते, हे मला आजवर फोनवरूनच माहीत होतं.

कारणही माहीत होतं. बाबा न्हाणीघरात पडले तेव्हा ती घरात एकटी होती. वॉर्डात पेशंट उचलायला नेहमी दोघी असायच्या. इथं तिनं चार वेळा काखेत हात घालून पाहिलं. शेजारी येईपर्यंत बाबा वीस मिनिटं ओल्या फरशीवर होते. उचललं असतं तरी ते वाचले नसते, असं डॉक्टरांनी सांगितलं. आईनं ते ऐकून घेतलं आणि महिन्याभरात इथं नाव घातलं. बाबांचं वजन पंच्याऐंशी किलो होतं.

"अजून वीस किलो राहिलेत," सकाळी येताना ती म्हणाली होती.

मास्तरांशी तिचं भांडण पहिल्या दिवसापासूनचं. "आठ-दहा वेळा उचललं की स्नायू भरतात," ते समजावायचे. "जड घेऊन चार-पाच वेळा उचललं की ताकद येते. एकदाच उचलणं ही परीक्षा झाली. परीक्षा काय रोज देतात?"

"पडलेला माणूस एकदाच उचलायचा असतो, मास्तर."

तरी तिनं ऐकलं. तीन महिने हलकं वजन आठ-आठ वेळा, मग जड, पाच-पाच वेळा.

आज तिनं पाठ सरळ केली, टाचा रोवल्या आणि दांडा वर आणला. पाचव्या खेपेला मान लाल झाली, पण गुडघे, कंबर, खांदे एका रेषेत आले. मग दांडा तिनं आवाज न करता खाली ठेवला. झोपलेल्या पेशंटला ठेवावं तसा.

"पंच्याऐंशी किलो!" मास्तर ओरडले. "पाच वेळा!"

"पासष्ट," आई धापा टाकत म्हणाली. "मला बेरीज येते."

"आणि दांडा?"

"दांडा कशाला धरायचा? भाजी तोलताना पिशवी धरतात का?"

"अहो, वीस किलोचा आहे तो! आपणहून उठतो की काय?"

आईनं दांड्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"पंच्याऐंशी होतात गं?"

"होतात, आई."

"पाच वेळा," ती म्हणाली. आणि ती जी हसायला लागली, ती डोळे पुसेपर्यंत थांबली नाही. मास्तर गोंधळले. मी हळूच म्हणाले, "बाबांचं वजन." प्लेट्स अडवणारी, घट्टच असलेली कडी त्यांनी उगाच पुन्हा घट्ट केली.

"आज इथंच थांबू या, मावशी," जरा वेळानं ते म्हणाले.

"का म्हणून? पाचाचे तीन फेरे ठरलेत. दोन बाकी आहेत."

तिनं तळव्यांना खडू चोळला आणि दांड्याखाली पाय सरकवले.

"मोज गं. मोठ्यानं."

शेजारचे दोघेतिघे आपली वजनं ठेवून बघत उभे राहिले. दांडा जमिनीवरून सुटला.

"एक," मी म्हणाले.