काळी जोडी, लाकडी जोडी

नागाकुरांनी चार दिवसांची टिपणं पुन्हा वाचली. सोमवार, काळी जोडी: स्वच्छ. मंगळवार, लाकडी: कोंदट. बुधवार, लाकडी: स्वच्छ. गुरुवार, काळी: कोंदट. रेकॉर्ड तीच, आवाजाचं बटण तिथेच, जमिनीवरचं आसनही त्याच जागी. मग बदललं काय? उरले फक्त कान.

हामामात्सुतल्या ओकितांच्या दुकानातून स्पीकरच्या दोन जोड्या आठवडाभर घरी ऐकून बघायला आल्या होत्या. एक ठेवायची, एक उद्या परत. पण खरा घोर वेगळाच होता. जन्मभर पियानो जुळवून नागाकुरा निवृत्त झाले होते. आता शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी प्रवेश समारंभासाठी सभागृहातला पियानो जुळवाल का, असं विचारलं होतं. आज पाचपर्यंत कळवायचं होतं.

"शाळेला नाही म्हणतो," ते म्हणाले. "माझ्या कानांचं आता काही खरं नाही."

"दोन खोकी कळेनात म्हणून?" त्यांची बायको फुमिए बाल्कनीतून म्हणाली. "काल सूपमध्ये मीठ कमी होतं ते कळलं नाही, तेव्हा जीभ गेली म्हणालात का?"

"कळलं होतं. बोललो नाही, एवढंच."

"अस्सं!"

त्यांनी पुन्हा काळी जोडी लावली. स्वच्छ. कालची कोंदट ती हीच? ते डोळे मिटून ऐकत होते, आणि ऐन सुरावटीत आवाजाची धार गेली.

"अगं, बटणाला हात लावलास?"

"मी कशाला लावू? आभाळ आलं, उन्हात टाकलेल्या गाद्या आत घेतल्या."

कोपऱ्यात गाद्यांचा ढीग होता.

"कपाटात का नाही ठेवल्यास?"

"दमट गाद्या? बुरशी येईल की! ऊन नसलं की दिवसभर कोपऱ्यातच असतात. आज दिसल्या वाटतं, अहो?"

"जरा बाहेर ने."

गाद्या बाहेर, आवाज स्वच्छ. गाद्या आत, आवाज कोंदट. पाचव्या खेपेला समोरच्या बाल्कनीतल्या बाई हातातला टॉवेल तसाच धरून बघत राहिल्या. सोमवारी ऊन होतं, बुधवारीही. मंगळवारी आणि गुरुवारी ढग.

मग गाद्या कोपऱ्यातच ठेवून त्यांनी दोन्ही जोड्या आळीपाळीने लावल्या. एकदा, दोनदा, तीनदा. वहीत काय लिहावं ते कळेना.

"आता काय झालं?" फुमिएने विचारलं.

"गाद्या ऐकू येतात. स्पीकरमधला फरक ऐकू येत नाही."

"म्हणजे कान चांगले की वाईट?"

"तेच तर कळत नाहीये."

"मग लाकडी ठेवा. काळीवर धूळ दिसते."

पावणेपाचला त्यांनी शाळेत फोन लावला. "येतो," ते म्हणाले. "पण जुळवल्यावर, मुलं समोर बसलेली असताना एकदा ऐकेन. रिकाम्या खोलीवर माझा विश्वास उरलेला नाही."

मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "चालेल. किती मुलं बसवू?"

"थांबा हं," म्हणून त्यांनी वहीचं कोरं पान काढलं.