मुंगी तिसऱ्याच घरात

स्लाइड बदलताना मथळा केसभर जरी हलला, तरी थोरलीच्या कपाळावर आठी पडायची. "पाहणाऱ्याला कुठे कळतंय?" असं कुणी म्हणालं की तिचं उत्तर तयार असे. "कळत नाही, पण खुपतं. चपलेत खडा गेला तर त्याचा रंग कुठे कळतो?" लोकांची प्रेझेंटेशनं नीट करून देणं हा तिचा धंदा. कुलपं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर दोन खोल्या होत्या, तिथे ती आणि तिची धाकटी बहीण बसत. या खोल्यांपायी थोरलीने पक्की नोकरी सोडली होती, आणि कॉलेज संपल्यासंपल्या धाकटीला हाताशी धरून सगळं शिकवलं होतं. गिऱ्हाइकं आकडे, तक्ते, फोटो पोत्यातून ओतल्यासारखे आणून टाकत. त्याला शिस्त लावायचं काम या दोघींचं.

त्या शिस्तीचा जीव म्हणजे मुंगी. प्रत्येक स्लाइडच्या माथ्यावर एक बारीक पट्टी, पट्टीत विषयाच्या एकेका भागाचं एकेक घर, आणि जो भाग चालू असेल त्या घरात एक लाल ठिपका. बोलणारा पुढे सरकला की ठिपकाही पुढच्या घरात जायचा. या ठिपक्याला मुंगी हे नाव धाकटीनेच ठेवलेलं. ऐकणाऱ्याने मध्येच डुलकी काढली तरी डोळे उघडल्यावर मुंगी बघून त्याला कळलं पाहिजे की गाडी कुठवर आली आहे, असा थोरलीचा नियम. झालेली घरं पुसट करायची, पण पुसून टाकायची नाहीत. आपण कुठून आलो तेही माणसाला दिसायला हवं. पट्टीची जागा, मुंगीचा लाल रंग, अक्षरांचं वळण, पहिल्या स्लाइडला जे ठरलं ते शेवटच्या स्लाइडपर्यंत. बाकी जगात वाट्टेल तो गोंधळ चालो, तिच्या पडद्यावर चालत नसे.

तर एका मोठ्या इस्पितळाला आपल्या सगळ्या विभागांची प्रेझेंटेशनं एकाच हाताने करून हवी होती. तिथे प्रत्येक डॉक्टर आपापल्या मर्जीचे रंग वापरायचा, आणि समितीचे लोक बैठकीत एकमेकांना विचारत बसायचे की आपण औषधांवर बोलतोय की इमारतीवर. शेवटच्या फेरीत दोघेच उरले होते, या बहिणी आणि एक बडी कंपनी. दोघांनाही इस्पितळाचा तोच वर्षाचा अहवाल दिला होता. त्याचं प्रेझेंटेशन करायचं आणि समितीपुढे, एकमेकांच्या समोर, दाखवायचं. काम मिळालं तर दोन खोल्या टिकणार होत्या. "नाहीतर खालच्याकडूनच एक कुलूप घेऊ आणि दाराला लावू," असं थोरली हसत म्हणायची. हसत म्हणायची खरी, पण तिची झोप उडाली होती.

त्याच सुमाराला एका रविवारी धाकटी लाडात येऊन शेजारी बसली. "ताई, माझ्या एका मैत्रिणीचं प्रेझेंटेशन आहे. नवी नोकरी आहे, बिचारी पार घाबरलीय. जरा हात फिरवशील?"

थोरलीने फाइल उघडली. आत मांडणी सगळी विस्कटलेली, आणि वाक्यांच्या जागी नुसतं 'मजकूर, मजकूर, मजकूर'.

"अगं, यातलं लिखाण कुठाय?"

"गुप्त आहे म्हणे त्यांचं. तू मांडणी तेवढी बघ ना."

विस्कटलेली स्लाइड दिसली की थोरलीचे हात आपोआप शिवशिवायचे. सुट्टीचा अख्खा दिवस तिने त्यात घातला. मथळे एका रेषेत आणले, सतरा प्रकारच्या अक्षरांचा एकच प्रकार केला. मग जरा घुटमळली. "चिमे, तिला आपली मुंगी देऊ का गं?"

"दे ना! ती कुठे आपल्या धंद्यात आहे?"

मुंगी दिली. एका स्लाइडवर मात्र नुसताच रिकामा तक्ता होता, तो कुठल्या भागातला ते काही केल्या कळेना. थोरलीने अंदाजाने मुंगी तिसऱ्या घरात ठेवली आणि धाकटीला बजावलं, "हे मैत्रिणीला तपासून घ्यायला सांग हं, मी आपली ठोकून दिलीय." धाकटीने मान डोलावली आणि तिच्या गळ्यात हात टाकला. "ताई, तुझ्या हाताला तोड नाही." थोरली खूश झाली. कौतुकाला भुलत नाही असं माणूस कोण आहे सांगा.

इस्पितळाच्या बैठकीच्या दिवशी सकाळी धाकटीच्या पोटात दुखायला लागलं. "तू एकटीच जा ताई, मला उभंही राहवत नाहीये." थोरली एकटीच गेली. लांबलचक टेबल, खिडक्यांना जाड पडदे, मधोमध अध्यक्ष असलेल्या डॉक्टरीणबाई. बड्यांचा मान पहिला, म्हणून कंपनीचा साहेब आधी उठला.

पडदा उजळला आणि थोरली पाणी पिता पिता थांबली. माथ्यावर बारीक पट्टी होती. पट्टीत घरं होती. पहिल्या घरात लाल ठिपका होता.

सुचू शकतं कुणालाही, तिने मनाला समजावलं. ठिपका काही आपल्या बापाचा नाही. पण पुढच्या भागात झालेलं घर पुसट झालं, पुसलं गेलं नाही. मथळ्याखालची मोकळी जागा तिचीच, समासही तिचाच. आपलंच पोर दुसऱ्याच्या कडेवर दिसावं तसं तिला झालं. आणि मग साहेब चौथ्या भागातल्या, नव्या इमारतीच्या खर्चाच्या तक्त्यावर आला, तेव्हा मुंगी तिसऱ्याच घरात बसली होती. बाकी कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. साहेबाच्याही नाही. ती मुंगी तिथे कुणी ठेवली हे त्या खोलीत तिला एकटीला ठाऊक होतं, कारण तिनेच ती ठेवली होती.

मैत्रीण नव्हती. नवी नोकरी होती, पण ती मैत्रिणीची नव्हती. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तेवढ्यातच तिचं नाव पुकारलं गेलं.

तिने आपलं प्रेझेंटेशन लावलं. तीच पट्टी, तीच घरं, तोच लाल ठिपका. टेबलाभोवती कुजबुज सुरू झाली. तिसऱ्या स्लाइडला डॉक्टरीणबाईंनी हात वर केला. "माफ करा हं, पण हे तर आम्ही आत्ताच पाहिलं. तुमचं आणि यांचं हुबेहूब सारखं कसं?"

"ही माझी पद्धत आहे, बाई. पहिल्यापासून."

"असेल. पण त्यांनी आधी दाखवली."

कंपनीचा साहेब समजूतदारपणे हसला. चोराने सावाकडे बघून हसावं, आणि सगळ्यांना साव कोण तेच कळू नये, असं ते हसू. थोरलीच्या जिभेवर सगळं आलं होतं. तुमची खर्चाची स्लाइड परत लावा, मुंगी चुकीच्या घरात आहे, ती का चुकली ते मी सांगते, असं म्हटलं असतं तर पुरावा पडद्यावरच होता. पण मग पुढचा प्रश्न आला असता की फाइल तुमच्याकडे आणली कुणी. भर सभेत बहिणीचं नाव घ्यावं लागलं असतं. कंपनी हसून मोकळी झाली असती आणि धाकटीला या धंद्यात पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं. आपलेच दात, आपलेच ओठ. थोरलीने उरलेल्या स्लाइड्स खालमानेने दाखवल्या, आभार मानले आणि खाली बसली. काम कंपनीला मिळालं. जाता जाता समितीतले एक गृहस्थ तिला हळूच म्हणाले, "दुसऱ्याचं बघून करण्यापेक्षा स्वतःचं काहीतरी शोधा." त्यांनी ते मायेने म्हटलं, हे तर अधिकच झोंबलं.

घरी आई आणि धाकटी दोघीही पुढच्याच खोलीत होत्या. आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. धाकटी उशीला टेकून बसली होती.

"पोट कसं आहे?" थोरलीने विचारलं.

"बरंय आता."

"तुझ्या मैत्रिणीने तिसऱ्या घरातली मुंगी तपासली नाही."

धाकटीचा चेहरा उतरला. ती उशीच्या कोपऱ्याशी चाळा करू लागली. "मी सांगणारच होते, ताई. निकाल लागला की सांगणार होते. त्या कंपनीने मला नोकरीवर घेतलंय. तुझ्याबद्दलही शब्द टाकलाय मी, त्यांना तुझ्यासारखं माणूस हवंच आहे. या दोन खोल्यांत आपण किती दिवस काढणार होतो?"

"केसाने गळा कापतात हे ऐकलं होतं. तू तर सुरी माझ्याच हातात दिलीस, चिमे, आणि वर म्हणालीस, तुझ्या हाताला तोड नाही."

"तुला विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस!"

"मग नाही म्हणू द्यायचं होतंस मला!"

थोरलीचा आवाज चढला तशी आई मध्ये पडली. "ओरडू नकोस गं तिच्यावर. इतके दिवस तिला धड घास गेलेला नाही या काळजीने."

थोरलीने आईकडे पाहिलं. तिला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "कुठल्या काळजीने? आई, तुला माहीत होतं?"

"सांगितलं होतं तिने मला. रडत होती. मी म्हटलं, ताई मोठी आहे, ती घेईल समजून." आईने एका उशीच्या अभ्र्याची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "तू नेहमीच घेतेस."

थोरली उभ्या जागी खाली बसली. सकाळी ती निघाली तेव्हा हीच आई दारापर्यंत आली होती. थोरलीची ओढणी खांद्यावर सरळ केली होती, गालावरून हात फिरवला होता.

"आई, सकाळी तू मला म्हणालीस, जिंकून ये."

आईने वर पाहिलं नाही. "म्हणायचं असतं बाई तसं," ती म्हणाली, आणि पुढचा कपडा हातात घेतला.