साकवाच्या मेढी

इंद्रायणीवरचा साकव हौशीरामानं बांधला होता, आणि त्या साकवासकटच तो गेला. मळवलीजवळच्या त्या गावाची रीत होती: पूर ओसरला की बांधणाऱ्यानं डोक्यावर ओझं घेऊन आधी पार जायचं, मग बाकीच्यांनी. हौशीराम भाताचं पोतं घेऊन निघाला. काठावरच्या गिरणीच्या अंगाच्या मेढी, म्हणजे साकवाचे लाकडी खांब, खचल्या, साकव कलंडला. तो सापडला खालच्या डोहात.

गाव हळहळलं आणि लगेच बोलायलाही लागलं. मेढी वाळूत वरवर रोवल्या, अंगचोरपणा केला, भोगलं. मेलेला माणूस उत्तर द्यायला थोडाच येतो!

त्याची बायको शालूबाई रडली नाही. भूक लागत नव्हती, झोप येत नव्हती, रागसुद्धा येत नव्हता. हौशीरामानं कामात चोरी केली नाही, असं कुणीतरी चारचौघांत म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

दिवाळीनंतर तिचा दीर बजरंग नवा साकव बांधू लागला. जागा तीच, वाळूच्या काठाची. शेजारीच गेणूची भाताची गिरणी. गेल्या साली आलेलं तिचं तेलाचं इंजिन सुरू झालं की काठावर ठेवलेल्या तांब्यातलं पाणी थरथरायचं. हाताचं कांडण सुटलं म्हणून बायका खूश होत्या.

चौघं दोरानं जड ओंडका वर ओढून मेढीच्या डोक्यावर सोडत होते. मेढ पुरुषभर आत गेली आणि अडली. हात भरून आले, पण ती तसूभर हलेना.

"बसली घट्ट," मारुतीआबा म्हणाले. हौशीरामाबद्दल सगळ्यांत जास्त तोंड त्यांचंच सुटलं होतं.

ओंडका मेढीवरच टेकवून सगळे भाकरी खायला बसले. शालूबाईनं कोरड्यास वाढलं. तेवढ्यात जेवून आलेल्या गेणूनं इंजिन चालू केलं.

बजरंगचा घास हातातच राहिला. कुणी हात लावला नव्हता, तरी ओंडक्याखालची मेढ खाली चालली होती. हळूहळू, पण डोळ्यांदेखत.

"बंद कर रं इंजिन!" तो ओरडला.

इंजिन थांबलं तशी मेढही थांबली.

मारुतीआबांनी डोक्याचं मुंडासं काढलं. "आमी लय वंगाळ बोललो, शालू. हौशीरामानं काम चोख केलतं. ह्या हादऱ्यानं वाळूच पकड सोडती."

जे ऐकायचं होतं ते तिनं ऐकलं. आत काहीच हललं नाही, याचं मात्र तिला नवल वाटलं.

"मग गिरणी हलवा," ती म्हणाली.

"सुगीचे दिवस हायती, पोरी," आबा म्हणाले. "गावाचं भात कुटं न्यायचं? साकवच वरच्या अंगाला घेऊ."

गेणू गिरणीच्या दारात अवघडून उभा होता. "वयनी, करू का चालू?"

त्याच्यामागं पोत्यांची रांग लागली होती. त्यातलं दुसरं पोतं तिचं होतं, आणि घरात मूठभरही तांदूळ नव्हता.

"कर," शालूबाई म्हणाली.