बळाचा खांब

अख्खं देऊळ कोसळलेलं होतं. उभा होता तो एकच खांब, आणि सगळी गर्दी त्याच्याभोवती. पडलेल्या तुळयांवर माणसं चढून बसली होती, मागचे टाचा उंचावून पाहत होते. बाजूला आडव्या पडलेल्या ज्या कोरीव दरवाज्यासाठी आम्ही सकाळपासून गाडीत धूळ खात आलो होतो, त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं.

लोक ज्यांना खांबवाले गुरुजी म्हणत, ते मधोमध उभे होते. कपडे पांढरेशुभ्र, आवाज बसस्थानकावरच्या घोषणेसारखा. "छप्पर गेलं, भिंती गेल्या, हा हलला नाही. का? याच्यात बळ आहे. लहरी आहेत. विज्ञानाला आत्ता कुठे कळायला लागलंय, खांबाला तेव्हाच कळलं होतं."

खांबाला नेमकं काय कळलं होतं, हे कुणी विचारलं नाही.

गुरुजींनी एका धिप्पाड बसड्रायव्हरला पुढे घेतलं. "हात बाजूला सरळ धरा. मी दाबणार, तुम्ही खाली येऊ द्यायचा नाही." त्यांनी दोन बोटांनी दाबलं आणि ड्रायव्हरचा हात खाली आला. लोक हसले. मग ड्रायव्हरने दुसऱ्या हाताचा तळवा खांबाला लावला, डोळे मिटले. "आता बघा," म्हणत गुरुजी त्याच्या हाताला जवळजवळ लोंबकळले. हात जागचा हलला नाही. टाळ्या पडल्या. ड्रायव्हर स्वतःच्या दंडाकडे असा पाहत राहिला, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

"मी जाऊन येते," ताई म्हणाली.

आम्ही तिघं निघालो होतो. माझी ताई, भाऊजी आणि मी. मी शाळेत विज्ञान शिकवते. ताई शिवणकाम करते, लग्नाचे कपडे हा तिचा हातखंडा. गेल्या काही महिन्यांपासून तिच्या उजव्या हातातून कात्री निसटायला लागली होती. मानेतली चकती सरकून शीर दाबली गेली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की ऑपरेशन लांबवू नका, बोटांतली गेलेली ताकद परत येईलच असं नाही. पुढच्या आठवड्याची तारीख ठरली होती. त्याआधी चार जुन्या जागा बघू, मन रमेल, म्हणून भाऊजींनी गाडी काढली होती.

ताईचा हात पहिल्यांदा पडला तेव्हा तिचा चेहरा उतरला. तिने खांबाला तळवा लावला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. दुसऱ्यांदा गुरुजींनी दाबलं तेव्हा हात राहिला. ताई रडायलाच लागली.

"काय होतंय हाताला?" गुरुजींनी हळू विचारलं. तिने सगळं सांगितलं, ऑपरेशनची तारीखसुद्धा. "शीर मोकळी झाली, बाई. आता मानेला शस्त्र लावलंत, तर आलेलं बळ निघून जाईल. मग माझ्याकडे येऊ नका." आणि त्यांनी तिच्या गळ्यात दगडाचा एक बारका तुकडा बांधला.

मी रांगेत उभी राहिले, पण खांबाकडे बघतच नव्हते. गुरुजींच्या बोटांकडे बघत होते. पुढच्या दोघातिघांतच लक्षात आलं. पहिल्या वेळी ते मनगटावर दाबत, तेही समोरचा सावरायच्या आत. दुसऱ्या वेळी "तयार?" असं विचारत आणि दाबत कोपराच्या वर, खांद्याकडे. साधी तरफ. सातवीच्या मुलांना मी हेच वर्गाचं दार दाखवून शिकवते. कडेला एका बोटाने ढकललं की दार फिरतं, बिजागरीपाशी ढकलायला अंगाचा जोर लागतो.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "गुरुजी, दोन्ही वेळा मनगटावरच दाबा."

"बाई, इथे अटी घालत नाहीत."

मग मीच ड्रायव्हरला बोलावलं. आधी खांबाला तळवा लावायला सांगितला आणि मनगटावर दाबलं. हात पडला. मग म्हटलं, "आता तुमच्या बसच्या टायरला हात लावून या." तो हसत हसत लावून आला. मी कोपराच्या वर दाबलं, सगळा भार टाकून. हात तसूभर हलला नाही. "बस पावली रे तुला," मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला. दोनचार माणसं मान हलवत निघून गेली. मला वाटलं, झालं काम.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "बाईंना मनगट दिसतं, बळ दिसत नाही. ज्याची त्याची दृष्टी. पुढचे कोण?"

आणि पुढचे आले. रांग पुन्हा जुळली, आणि तिच्यात तो ड्रायव्हरही होता.

गाडीत ताई माझ्याशी बोलेना. वाटेत चहाला थांबलो तेव्हा मी गाडीचं दार उघडून तिला तेच दाखवलं, कडेला आणि बिजागरीपाशी. तिने स्वतः ढकलून पाहिलं.

"आणि ताई, तो तपासतो खांद्याची ताकद. तुझं दुखणं बोटांत आहे. खांदा पहिल्यापासून धडधाकट आहे तुझा."

"कळलं मला. मला काही अक्कल नाही असं समजू नकोस."

"मग?"

तिने चहाचा कप खाली ठेवला. "डॉक्टर म्हणाले, मान पुढच्या बाजूने कापून आत जावं लागेल. त्या दिवसापासून मला नीट झोप नाही. आज खांबाला हात लावला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा भीती गेली. ते तुझ्या दारात कुठे बसतं, सांग."

मी भाऊजींकडे पाहिलं. "तिच्या मनाविरुद्ध मी कसा नेऊ?" ते म्हणाले आणि चहाचे पैसे द्यायला उठले.

तारीख पुढे ढकलली गेली. योगायोग असा की त्याच दिवसांत तिच्या मानेची कळ कमी झाली. असल्या दुखण्यात कळ येते-जाते, दाबलेली शीर मात्र दाबलेलीच राहते. मी हे सांगितलं, डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. ताई गळ्यातला दगड चाचपून म्हणायची, "बघ, दुखत नाहीये." मी तिच्या घरी जायचे, भांडायचे, रडून परत यायचे. शहाण्यासवरत्या माणसाला दंडाला धरून दवाखान्यात नेता येत नाही.

मग एक दिवस तिच्याने सुईत दोरा ओववेना. अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग खोलगट झाला होता. तेव्हा ती स्वतःहून म्हणाली, "चल." ऑपरेशन नीट पार पडलं. ते उरकून बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "आहे ते वाचवलं. गेलं ते परत येईल अशी आशा कमीच आहे." आता कापड बेतते ती, कापते तिची मुलगी.

परवा मी ताईकडेच बसले होते. माप द्यायला आलेली एक बाई म्हणाली की आईला घेऊन त्या खांबाकडे चाललेय, हात थरथरतात तिचे. ताईने दगडाचा तुकडा कधीच टाकून दिला होता. तिने आपला उजवा हात त्या बाईपुढे धरला आणि सगळी हकीगत सांगितली, मनगट, कोपर, सगळं. बाईने नीट ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "तुमची श्रद्धा कमी पडली असेल हो."

ताईने हात मागे घेतला आणि डाव्या हाताने मापाची फीत उचलली.

म्हणून हे लिहून ठेवतेय. चमत्कार दाखवणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नका, त्याच्या हातांकडे बघा, आणि तोच प्रयोग घरी करून पाहा. ऑपरेशनची भीती सगळ्यांनाच वाटते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ती डॉक्टरांपुढे मोकळेपणाने बोला, वाटलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. पण खांबाच्या भरवशावर तारीख पुढे ढकलू नका. शीर तेवढे दिवस वाट पाहत थांबत नाही.